उद्योगमहर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर : नांगर, खतावणी आणि कर्ज

स्मरणिकेच्या आरंभी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावयाचे, हा आपल्या मंडळाचा जुना परिपाठ आहे. संत झाले, पंडित झाले, नाटककार आणि न्यायमूर्तीही होऊन गेले. यंदा एका कारखानदाराचे चरित्र घेतले आहे, त्यास तसेच कारण आहे. ज्ञातीतील तरुण मुले-मुली नोकरीची मळलेली वाट सोडून धंद्याकडे वळू लागली आहेत, आणि घराघरांतून एकच प्रश्न कानी येतो : घरची पुंजी घालावी की कर्ज काढावे? वडीलधाऱ्यांच्या मनात कर्ज म्हणजे घरावर आलेली धाड. तर तरुणांस ते हात पसरले की मिळणारे भांडवल वाटते. दोन्ही पक्ष आपापल्या परीने अर्धे खरे बोलत असतात. कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या आयुष्यात हा प्रश्न एकदाच नव्हे, अनेकदा उभा राहिला. म्हणून त्यांचे चरित्र केवळ गौरवासाठी न वाचता हिशेबाच्या वहीसारखे वाचावे, असे आम्हांस वाटते.

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. वडील काशीनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. मुलाचे लक्ष मात्र पोथीपेक्षा चित्रे आणि यंत्रे यांकडे. वडिलांच्या मनाविरुद्ध, थोरले बंधू रामुअण्णा यांच्या आधारावर, ते १८८५ साली मुंबईस गेले आणि जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे एक विचित्र आपत्ती ओढवली. आपल्याला काही रंगांतील भेद नीट कळत नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. चित्रकार होऊ पाहणाऱ्यास यापरता मोठा आघात कोणता? परंतु त्यांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. यंत्रांची रेखाटने करण्यात ते तरबेज झाले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे शिक्षक म्हणून लागले. फावल्या वेळात तेथील यंत्रे उघडावी, जोडावी, बिघडलेली दुरुस्त करावी, हा त्यांचा खरा अभ्यास. शिकवण्यासाठी मिळालेल्या पगारात स्वतःचे शिक्षणही झाले म्हणावयाचे.

याच काळात मुंबईच्या रस्त्यावर त्यांना सायकल दिसली. ती विकत घेऊन बेळगावास धाडावी, रामुअण्णांनी तेथे ती विकावी, अशी योजना दोघा भावांनी आखली, आणि १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर ब्रदर्स ही पेढी उभी राहिली. त्या वेळी सायकल ही अत्यंत महाग आणि अपूर्व वस्तू होती. गिऱ्हाईक बोटांवर मोजण्याइतके. परंतु सायकल घेणाऱ्यास ती चालविता येत नसे, म्हणून ती शिकविण्याची १५ रुपये फी या पेढीने ठेविली. ही गोष्ट लहान दिसते, पण धंद्याचा पहिला धडा तिच्यात आहे. आपण नुसती वस्तू विकत नाही. ती वापरावयाची कशी, हेही विकतो. पुढे नांगराच्या बाबतीत याच धड्याची कठोर उजळणी व्हावयाची होती.

नोकरीत बढतीची पाळी आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास परतले. पगाराची खात्री सुटली, घरी संसार, पत्नी राधाबाईंच्या माथ्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांचा भार, आणि हाती भांडवल म्हणावे असे थोडेच. उसनवारी करून त्यांनी एक लहानसा कारखाना घातला. पहिली वस्तू काढली ती कडबा कापण्याचे यंत्र. ती निवडण्यात त्यांचा व्यवहार दिसतो. कडबा प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी असतो, तो अखंड टाकला तर जनावर शेंडे खाते आणि बुडखे तुडविते. यंत्राने कापला की तीच गंजी अधिक दिवस पुरते. हा फायदा शेतकऱ्यास दुसऱ्या दिवशी गोठ्यात डोळ्यांनी दिसत असे. यंत्र विकले जाऊ लागले.

मग त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला, आणि येथे गाडी अडली. विलायती नांगर या प्रांती येतच होते. त्या धर्तीचा, पण येथील जमिनीस व बैलास सोसेल असा देशी नांगर करावा, हा त्यांचा हेतू. नांगर तयार झाला, पण घेणारा कोणी नाही. लोखंडाने जमिनीस विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जावयास दोन वर्षे लागली.

या दोन वर्षांपाशी आपण जरा थांबू. आज कोणी तरुण महिना-दोन महिने विक्री झाली नाही की धंदा बंद करावा म्हणतो, अथवा उलट, गिऱ्हाईक अडाणी आहे म्हणून त्याच्यावर रागावतो. विक्रीच्या वहीत शून्य लिहिले असले तरी त्या शून्याचा अर्थ एकच नसतो. वस्तू वाईट आहे म्हणून शून्य, वस्तू चांगली पण ठाऊक नाही म्हणून शून्य, ठाऊक आहे पण भीती वाटते म्हणून शून्य, आणि भीती नाही पण खिशात रोकड नाही म्हणून शून्य, असे हे निरनिराळे शून्य आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. नांगराच्या बाबतीत धर्मभोळेपणाचे कारण सर्वजण सांगतात. ते खरे आहे. परंतु आमच्या मते तेवढेच नसावे. लाकडी नांगर गावचा सुतार करून देई आणि त्याचा मोबदला सुगीत बलुत्याच्या रूपाने धान्यात जाई. लोखंडी नांगराला रोख रुपये मोजावे लागत. शेतकऱ्याच्या घरी रोकड असते ती पीक विकल्यावरच्या थोड्या दिवसांत, आणि तीवर सावकार व सरकारसारा यांचा हक्क आधी. तेव्हा नको म्हणणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडी विषाची गोष्ट असली तरी कंबरेच्या कशाचीही गोष्ट असणार.

तथापि नांगराच्या अंगी गुण होता. दख्खनच्या काळ्या रानात हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल जातात. लाकडी नांगर जमीन फाडतो, उलथीत नाही. लोखंडी नांगर ढेकूळ पालथे घालतो आणि मुळे उन्हास लागतात. ज्याच्या शेतात हे एकदा घडले, त्याच्या शेजाऱ्यास व्याख्यान द्यावे लागत नाही. म्हणून एका नांगराची विक्री आणि दहा नांगरांची विक्री यांत जे अंतर आहे, त्याहून मोठे अंतर शून्य आणि एक यांत असते. दोन वर्षे तग धरून लक्ष्मणरावांनी ते अंतर ओलांडले. तग धरता आला तो कडबा कापण्याच्या यंत्राच्या जोरावर. एक वस्तू घर चालवीत होती, म्हणून दुसरी वाट पाहू शकली.

येथे रोकड आणि कर्ज यांचा हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ समजण्यापुरते आमचे आहेत. समजा, एका गृहस्थाजवळ १०,००० रुपये आहेत आणि यंत्रसामग्री ८,००० रुपयांची घ्यावयाची आहे. मजुरी व भाडे मिळून महिना ३०० रुपये खर्च. सर्व यंत्रे रोखीने घेतली तर हाती २,००० राहतात. विक्री न झाल्यास सात महिन्यांच्या आत तिजोरी रिकामी. आता त्याच गृहस्थाने दरसाल शेकडा ९ दराने ५,००० रुपये कर्ज काढले, तर हाती ७,००० राहतात. व्याज वर्षाला ४५०, म्हणजे महिन्याला साडेसदतीस. खर्च महिना ३३७॥ रुपये धरला तरी वीस महिने निभाव लागतो. म्हणजे व्याज देऊन त्याने यंत्र घेतले नाही. सुमारे चौदा महिन्यांची सवड विकत घेतली. कर्ज न घेणारे आपले वडीलधारे हे विसरतात की, सगळी पुंजी यंत्रात घालून बसलेला मनुष्य कर्जमुक्त असला तरी निर्धन असतो.

परंतु हिशेबाची दुसरी बाजू ऐकल्यावाचून तरुणांनी आनंदून जाऊ नये. समजा, धनको वर्षाच्या अखेरीस मुद्दल मागू लागला. बारा महिन्यांत ४,०५० रुपये खर्च होऊन हाती २,९५० उरले आहेत आणि देणे ५,००० आहे. यंत्रे मातीमोलाने विकावी लागतील. तेव्हा कर्जाचा दर किती, यापेक्षा ते परत मागण्याचा अधिकार कोणाला आणि केव्हा, हा प्रश्न मोठा. विक्रीला दोन वर्षे लागणारा माल आणि एका वर्षात फेडावयाचे कर्ज, यांची सोयरीक जुळत नाही. मुंबईने १८६५ साली याचा अनुभव घेतला होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढला, त्या भावावर कंपन्या निघाल्या, कंपन्यांच्या शेअरांवर कर्जे निघाली. युद्ध संपले, भाव कोसळला, आणि लक्षाधीश रस्त्यावर आले. त्यांनी विक्रीचे आकडे खोटे वाचले नव्हते. ते आकडे एका युद्धाचे आहेत, हे मात्र वाचले नव्हते.

आता पुन्हा बेळगावकडे वळू. नांगराचे काम जरा मार्गी लागते न लागते तोच नगरपालिकेने नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा मोकळी करावयास सांगितले. १९१० च्या आरंभी लक्ष्मणरावांसमोर यंत्रे होती, कामगार होते, गिऱ्हाईक होते, जमीन नव्हती. त्या सुमारास औंध संस्थानात यमाई देवीच्या मंदिरासाठी सभामंडप उभारण्याचे काम त्यांच्याकडे होते. औंधचे अधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, कलेचे आणि कर्तृत्वाचे भोक्ते. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज देऊ केले.

हे कर्ज लक्ष्मणरावांनी घेतले, आणि ते का घेतले हे पाहण्यासारखे आहे. हे काही केवळ राजाश्रयाचे नशीब नव्हे. देणाऱ्याने घेणाऱ्याचे काम डोळ्यांनी पाहिले होते. घेणाऱ्याजवळ विकला जाणारा माल आधीच होता. तो काय विकेल याचा अंदाज कर्जावर बसविलेला नव्हता. पैसा जावयाचा होता तो छपरात आणि यंत्रात, बडेजावात नव्हे. आणि जागा होती आगगाडीच्या रुळालगत, जेथून जड नांगर बैलगाडीच्या मजुरीवाचून दूरवर धाडता येई. रेल्वेचे सान्निध्य हे त्या कर्जाच्या निम्म्या व्याजाइतके मोलाचे होते, असे आम्ही म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

जमीन मात्र कशी? निवडुंगाचे रान, साप-विंचवांची वस्ती. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापनादिन मानतात. सोबत शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, के. के. कुलकर्णी, अनंतराव फाळणीकर अशी मंडळी होती. फाळणीकरांचे शालेय शिक्षण जेमतेम, पण यंत्राची बुद्धी अशी की पदवीधरांनी मान खाली घालावी. रात्रीच्या राखणीस तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे दोघे शिक्षा भोगून आलेले इसम नेमले होते. वाडीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. ज्ञातीच्या व्यासपीठावरून लक्ष्मणरावांचा अभिमान मिरविताना हे सांगावयास आपण संकोचू नये, कारण कामावर घेताना त्यांनी ज्ञाती विचारली नाही.

वाडी उभी राहून चार वर्षे होतात तोच १९१४ चे महायुद्ध पेटले. विलायती नांगर येणे मंदावले आणि किर्लोस्कर नांगराची मागणी वाढली. त्याच वेळी कच्चे लोखंड, कोळसा, रंग यांची टंचाई. कोकऐवजी लोणारी कोळसा वापरून पाहिला, रंग वाडीतच तयार केला. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी लोखंडासाठी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळून त्यांचे नांगर झाले. इतिहासात अशी रूपांतरे फार थोडी.

युद्धकाळातील विक्री ही सर्वांत फसवी विक्री. पुन्हा आपलेच एक काल्पनिक उदाहरण घेऊ. गेल्या साली ४० रुपयांप्रमाणे १०० नांगर खपले, जमा ४,०००. यंदा लोखंड महागल्याने किंमत ६० झाली आणि ९० नांगर खपले, जमा ५,४००. खतावणीत भरभराट दिसते, पण दहा शेतकरी कमी झाले. याउलट नगांचा आकडा वाढला तरी तो प्रतिस्पर्ध्याचे जहाज बंदरात न आल्यामुळे वाढला की आपला फाळ चांगला निघाल्यामुळे, हे एकट्या आकड्यास विचारून कळत नाही. शेतीच्या अवजारांत आणखी एक मेख असते. वैशाखातील विक्रीची तुलना मार्गशीर्षाशी करणे व्यर्थ. वैशाखाची तुलना गेल्या वैशाखाशीच करावी, आणि तीही दोन्ही सालांचा पाऊस शेजारी लिहून. अडत्याकडे धाडलेला नांगर विकला गेला असे मानणे हा तर नित्याचा घोटाळा. तो अडत्याच्या पडवीत उभा असू शकतो. नांगर खरोखर रानात चालतो आहे की नाही, याचा आमच्या मते सर्वांत प्रामाणिक साक्षीदार म्हणजे सुट्या फाळांची विक्री. नुसती हौस म्हणून कोणी फाळ बदलीत नाही.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. घरची रोकड आणि परक्याचे कर्ज या दोहोंखेरीज भांडवलाची जी तिसरी वाट आहे, ती हीच : भागीदारांचा पैसा. त्यास व्याज नाही, ठराविक मुदतीत परतफेड नाही. परंतु नफ्यात वाटेकरी आणि कारभारात विचारणारे आले. चांगल्या सालात हा पैसा कर्जाहून महाग पडतो, वाईट सालात स्वस्त. आणि वाईट साले यावयाचीच होती. युद्धानंतर आयात पुन्हा सुरू झाली. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव घसरले. शेतकऱ्याचे धान्य मातीमोल झाल्यावर त्याने नांगर कशाने घ्यावा?

त्याच १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. तिचे संपादन लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी केले. आज आपण तिला ‘किर्लोस्कर’ मासिकाची जननी म्हणून वाङ्मयाच्या इतिहासात गणतो, आणि पुढे निघालेली ‘स्त्री’ व ‘मनोहर’ ही मासिके आपल्या घरांतून आवडीने वाचली जात. परंतु आरंभी ती होती कारखान्याचे मुखपत्र, गिऱ्हाईक आणि अडते यांच्याशी बोलण्याचे साधन. विक्रीच्या आकड्यामागचे माणूस शोधण्याचा हा एक मार्गच होता. वहीत नाव लागले की विसरले, असे न करता नांगर घेणाऱ्याशी पुढेही संबंध ठेवावयाचा.

नांगरावरच भार न ठेवता ऊस गाळण्याचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, आणि १९२६ पासून पाणी उपसण्याचे पंप अशी वस्तूंची माळ वाढत गेली. त्याच वर्षी पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयातून शिकून परतले. १९४१ मध्ये हरिहर येथे यांत्रिक हत्यारांचा कारखाना निघाला, १९४६ मध्ये पुण्यास तेल-इंजिनांचा आणि बंगळुरास विजेच्या मोटारींचा.

१९४८ च्या आरंभी, महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखाना आगीत सापडला. त्या दिवसांच्या आठवणी आपल्यापैकी अनेक कुटुंबांत सांगितल्या गेल्या आहेत. त्या येथे उगाळण्याचे प्रयोजन नाही. एवढेच नमूद करावयाचे की लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि कारखाना पुन्हा उभा राहिला. जळालेल्या छपराखाली जे जळत नाही ते म्हणजे अडत्यांचा विश्वास, कारागिरांचा हात आणि बाजारातील पत. यांपैकी एकही रकाना ताळेबंदात नसतो, म्हणून ताळेबंद पाहून कर्ज देणारे कित्येकदा चुकतात आणि माणूस पाहून देणारे बाळासाहेबांसारखे चुकत नाहीत. अर्थात माणूस ओळखण्यात चूक झाली तर पैसा बुडतो, हेही तितकेच खरे. औंधकरांचे १०,००० रुपये धोक्याचे नव्हते असे कोणी समजू नये. निवडुंगाच्या रानात कारखाना बसला नसता, तर लहान संस्थानाच्या तिजोरीस तो घाव जाणवलाच असता.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, लक्ष्मणरावांचे देहावसान झाले. जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. आणि ज्या स्थानकाजवळ ३२ एकर रान त्यांना मिळाले, त्या कुंडल रोडच्या पाटीवर आज किर्लोस्करवाडी हे नाव आहे.